ओतीव साबणातील रंग व वनस्पतिद्रव्ये

साबणीकरण (तेल वा चरबीवर दाहक सोड्याची प्रक्रिया होऊन साबण बनणे) आधीच पूर्ण झालेला, ग्लिसरीनयुक्त तयार साबण वितळवून साच्यात ओतताना त्यात रंजकद्रव्ये, पाकळ्या, पाने, बिया, मुळांची चूर्णे इ. मिसळण्याची घरगुती पद्धत. या तयार साबणाला व्यवहारात ‘सोप बेस’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘आधारसाबण’ हा शब्द योजला आहे. दाहक सोडा हाताळावा लागत नाही, हे पद्धतीच्या प्रसाराचे मुख्य कारण होय. सोडा प्रत्यक्ष हाताळला नाही तरी त्याचा वारसा उरतोच : खऱ्या साबणापासून बनविलेल्या आधारसाबणाचा पीएच (अम्लता-अल्कता दर्शविणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन, त्यावर अल्कली) साधारणपणे ९ ते १० असतो. कोणता रंग टिकेल आणि कोणते फूल तपकिरी पडेल, हे बव्हंशी या एका आकड्यावर ठरते. संश्लेषित प्रक्षालकांपासून (डिटर्जंटांपासून) केलेल्या काही आधारसाबणांचा पीएच याहून कमी असतो. त्यांना पुढील विवेचन अंशतःच लागू पडते.

इतिहास : साबण आणि रंग यांचा लेखी संबंध जुना आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने ‘सापो’ या पदार्थाचा उल्लेख केला आहे तो केस लाल करण्याचे गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातील प्राचीन) लोकांचे साधन म्हणून; चरबी आणि राख हे त्याचे घटक त्याने दिले आहेत. मराठी ‘साबण’ हा शब्द पोर्तुगीज ‘साबांव’वरून आला की अरबी-फार्सी ‘साबून’वरून, याविषयी मतभेद आहेत. उच्चारसाम्य पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. दोन्ही शब्दांची मुळे अखेर ‘सापो’पर्यंतच जातात.

ओतीव साबणाचा पूर्वज म्हणजे पारदर्शक साबण. अँड्र्यू पिअर्स या केशकर्तनकाराने १७८९ च्या सुमारास लंडनमध्ये व्यवसाय सुरू केला. पारदर्शक साबणाचा आरंभही काही ठिकाणी त्याच वर्षी दाखविला जातो. तथापि साबणाच्या विक्रीसाठी १८०७ हे वर्ष सामान्यतः स्वीकारले जाते व तेच ग्राह्य धरणे बरे. ग्लिसरीनचा शोध त्याआधीचा आहे. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडाबरोबर तापवून तो गोड द्रव मिळविला होता.

पारदर्शकतेचे कारण : साधा साबण थंड होताना त्यात स्फटिक वाढतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि वडी अपारदर्शक दिसते. अल्कोहॉल, ग्लिसरीन, साखर, सॉर्बिटॉल यांसारखी द्रव्ये ही वाढ रोखतात. पारदर्शक साबण म्हणजे अतिशीतित द्रव (गोठणबिंदूखाली जाऊनही स्फटिक न झालेला द्रव), असे एक जुने मत होते. क्ष-किरण विवर्तनाच्या (पदार्थातून क्ष-किरण कसे वळतात यावरून अंतर्रचना ओळखण्याच्या) अभ्यासात मात्र अशा साबणातही स्फटिकरचना आढळते. त्यामुळे स्फटिक असतात, पण ते प्रकाश विखुरण्याइतके मोठे होत नाहीत, हे स्पष्टीकरण आज अधिक समाधानकारक ठरते. रंगकामाच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. पारदर्शक वडीत चिमूटभर रंगही खोलवर दिसतो. टिटॅनियम डाय-ऑक्साइड घालून पांढऱ्या केलेल्या आधारसाबणात तेवढाच रंग फिका पडतो.

खनिज रंजकद्रव्ये : आयर्न ऑक्साइडे पिवळा, लाल, तपकिरी व काळा रंग देतात, ती अविद्राव्य व अल्कलीत स्थिर असल्याने वडीत पसरत नाहीत. क्रोमियम ऑक्साइडाचा हिरवा रंगही तसाच भरवशाचा. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा पातळ थर दिला की प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे (थराच्या दोन पृष्ठांवरून परतलेल्या तरंगांच्या मिसळण्यामुळे) मोत्यासारखी झाक येते. ही झाक पारदर्शक वडीतच खुलते.

निळ्या रंगाची हकीकत थोडी विस्ताराने देणे भाग आहे. अल्ट्रामरीन पूर्वी राजवर्ख या मौल्यवान खड्यापासून मिळे. १८१४ मध्ये तासेर याने सोड्याच्या भट्टीत एक निळा पदार्थ पाहिला. व्होक्लँ या रसायनशास्त्रज्ञाने तपासणी करून त्याचे राजवर्खाशी साम्य दाखविले. १८२४ मध्ये फ्रान्समधील उद्योग-उत्तेजन संस्थेने कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. ते १८२८ मध्ये झां-बातीस्त गीमे याला मिळाले. आपण हे काम १८२६ मध्येच साधले होते, असे त्याचे म्हणणे. ट्युबिंगेन येथील क्रिस्टिआन ग्मेलिन याने १८२८ मध्ये आपली कृती प्रसिद्ध केली, आणि अग्रमानाचा वाद उभा राहिला. निर्मितीचा मान गीमेला व उघड प्रकाशनाचा ग्मेलिनला देणे न्याय्य वाटते. या पदार्थाचा निळेपणा ॲल्युमिनोसिलिकेटाच्या (ॲल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या) जाळीत अडकलेल्या त्रिगंधक आयनांमुळे (गंधकाच्या तीन अणूंच्या विद्युत्‌भारित गटांमुळे) असतो. अम्लात ही जाळी मोडते व हायड्रोजन सल्फाइडाचा वास येतो. अल्कलीत ती शाबूत राहते. म्हणून साबणाला हा निळा रंग मानवतो. याउलट प्रशियन निळा अल्कलीत विघटित होऊन तपकिरी होतो. मराठीत ‘नीळ’ हा एकच शब्द नीलीच्या झाडापासूनचा रंग आणि कपड्यांची अल्ट्रामरीन नीळ या दोहोंना लावला जातो. कृती वाचताना कोणती नीळ अभिप्रेत आहे ते पाहून घ्यावे.

विद्राव्य रंग, उदा. खाद्यरंग, चटकन मिसळतात व पारदर्शकता राखतात. पण एका थरातून दुसऱ्यात झिरपतात. दोन रंगांची रेघ काही आठवड्यांत पुसट होते. शिवाय त्यांपैकी बरेच उजेडात फिके पडतात.

वनस्पतिद्रव्ये : गुलाब, जास्वंद, गोकर्ण यांचे रंग अँथोसायनिन या वनस्पतिरंजकांचे असतात. अम्लात तांबडी असणारी ही द्रव्ये पीएच वाढताच जांभळी, निळी, हिरवट होत अखेरीस पिवळसर-तपकिरी होतात. गुलाबाची पाकळी साबणात गुलाबी राहावी ही इच्छा म्हणून सहसा फळत नाही. लॅव्हेंडरच्या कळ्या तपकिरी पडून भोवती डाग सोडतात. बीटाचा लाल रंगही टिकत नाही. कॅलेंड्यूला या झेंडूसारख्या फुलाच्या पाकळ्या हा ठळक अपवाद : त्यांतील कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंजकांवर अल्कलीचा असा परिणाम होत नाही, आणि पिवळा-नारिंगी रंग दीर्घकाळ राहतो. पहिल्या प्रयत्नासाठी याहून चांगले फूल सुचविता येणार नाही.

हळदीतील कुर्क्युमीन हे रंजकद्रव्य अल्कलीत तांबूसपणाकडे झुकते, त्यामुळे वडी सोनेरी ते नारिंगी होते व तिचा रंग उजेडात उतरतो. रतनजोतीची मुळे तेलात भिजवून मिळणारा लाल रंग साबणात जांभळा-निळसर होतो. मंजिष्ठेपासून गुलाबी ते जांभळट छटा येतात. पानांचे हरितद्रव्य प्रकाशात मावळते. त्यापासून बनविलेले तांबेयुक्त क्लोरोफिलिन बरेच अधिक टिकते. वनस्पतिज नीळ मात्र अविद्राव्य व स्थिर असल्याने या वर्गात वेगळी उठून दिसते.

पाकळ्या व पाने पूर्ण वाळलेली असावी लागतात. ओल्या भागांतील पाण्यामुळे कुजणे व बुरशी संभवते, वडीही मऊ पडते. भरड बियांनी त्वचा ओरखडते, तेव्हा चूर्ण बारीक असणे इष्ट. सूर्यफूल कुलातील फुलांची काहींना ॲलर्जी असते.

कण तरंगत ठेवणे : स्टोक्सच्या नियमानुसार द्रवात बुडणाऱ्या सूक्ष्म कणाचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या श्यानतेबरोबर (दाटपणाबरोबर) घटतो. त्रिज्या दहापट कमी झाली की बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. यावरून दोन गोष्टी निघतात : रंग आधी थोड्या ग्लिसरिनात खलून गुठळ्या मोडाव्यात, आणि साबण अगदी पातळ असताना ओतू नये. साय धरू लागेपर्यंत, सुमारे ५० ते ५५ °से. पर्यंत, ढवळत राहिल्यास बिया तळाशी बसत नाहीत. वाळलेल्या पाकळ्या आतील हवेमुळे उलट वर येतात. त्यांच्यासाठी थर देऊन ओतणे सोयीचे. पहिला थर गोठत आल्यावर त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहॉल फवारले असता थर एकमेकांना धरतात व बुडबुडेही फुटतात. रंगाचे प्रमाण सामान्यतः किलोग्रॅममागे काही ग्रॅमच असते. ते फार वाढविल्यास फेस रंगीत होऊन पंचाला डाग पडतो.

सुगंधातील व्हॅनिलिनमुळे पांढरी वडी कालांतराने तपकिरी होते. हा दोष पुष्कळदा चुकीने फुलांना चिकटविला जातो.

साठवण : ग्लिसरीन हवेतील बाष्प शोषते व दमट हवेत वडीवर थेंब जमतात. म्हणून वडी गार होताच घट्ट गुंडाळून उजेडापासून दूर ठेवतात.