मधुमेहावरील तोंडी औषधांचा सुरक्षित वापर

प्रकार २ च्या मधुमेहात रक्तातील ग्लुकोज आटोक्यात ठेवण्यासाठी तोंडावाटे घेतली जाणारी औषधे कोणी, केव्हा व किती मात्रेत घ्यावीत आणि कोणत्या परिस्थितीत थांबवावीत, यांविषयीचे वैद्यकीय नियम व व्यवहार. या विकारात शरीरातील पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि कालांतराने स्वादुपिंडातील बीटा पेशींची इन्सुलिन तयार करण्याची क्षमताही घटत जाते. आहार व व्यायाम यांच्या जोडीला गोळ्या सुरू होतात आणि त्या बहुधा वर्षानुवर्षे, रोज घ्याव्या लागतात. सुरक्षिततेचा प्रश्न नेमका या सातत्यातून उभा राहतो. गोळी तीच आणि मात्राही तीच असते, परंतु ती घेणाऱ्या शरीराची स्थिती बदललेली असते. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी घटलेले असेल, जेवण चुकलेले असेल, मूत्रपिंडांचे कार्य नकळत मंदावले असेल किंवा दुसऱ्या आजारासाठी नवे औषध सुरू झाले असेल, तर कालपर्यंत निर्धोक असलेली मात्रा आज अपायकारक ठरू शकते. म्हणून या औषधांची सुरक्षितता केवळ औषधाच्या गुणधर्मांवर नव्हे, तर ते घेण्याच्या वेळच्या परिस्थितीवरही अवलंबून असते.

या औषधांच्या इतिहासातही हेच दिसते. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल झांबाँ या वैद्याला एका सल्फोनामाइड (जंतुसंसर्गावरील) औषधाने उपचार केलेल्या विषमज्वराच्या रुग्णांची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरत असल्याचे आढळले. ऑग्युस्त लूबातिएर यांनी पुढे प्रयोगांद्वारे हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडते असे दाखविले आणि त्यातून सल्फोनिलयुरिया गट उदयास आला. या गटाची पहिली ओळख अशा रीतीने त्याच्या धोक्यातूनच झाली. दुसरा जुना गट बायग्वानाइडांचा. १९५७ मध्ये झाँ स्तेर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहातील उपयोग प्रसिद्ध केला. त्याच गटातील फेनफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचून मृत्यू ओढवत असल्याचे स्पष्ट झाल्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते अनेक देशांत मागे घेण्यात आले. अमेरिकेत मेटफॉर्मिनला मान्यता मिळण्यास १९९४ साल उजाडले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दीर्घकालीन मधुमेह अभ्यासात स्थूल रुग्णांना मेटफॉर्मिनचा लाभ दिसून आला, आणि आज ते जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मधुमेहरोधक औषधांपैकी एक आहे.

मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून होणारी ग्लुकोजची निर्मिती कमी करते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास उद्युक्त करीत नसल्यामुळे केवळ त्याने रक्तशर्करा फार खाली जाण्याचा संभव कमी असतो. सुरुवातीला मळमळ, पोटात गुडगुडणे, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव येणे असा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि त्यातून कित्येकजण पहिल्याच आठवड्यात औषध सोडून देतात. वास्तविक हा त्रास बहुतांशी मात्रा वाढविण्याच्या वेगाशी निगडित असतो. ५०० मिग्रॅ.ची गोळी दिवसातून एकदा किंवा दोनदा जेवणासोबत सुरू करून मात्रा आठवड्या-आठवड्याने वाढवली, तर तो पुष्कळ कमी होतो. नित्याची कमाल मात्रा दिवसाला सुमारे २,००० मिग्रॅ. असते. सावकाश विरघळणारी गोळी पोटाला अधिक मानवते, परंतु ती चावून किंवा कुटून घेतल्यास सगळे औषध एकदम सुटते, म्हणून ती अखंडच गिळावी लागते. अशा गोळीचे मऊ कवच कधीकधी शौचात दिसते. औषध शोषले गेल्यानंतर उरलेला तो सांगाडा असतो, त्यामुळे घाबरून दुसरी गोळी घेण्याचे कारण नाही.

मेटफॉर्मिनचे शरीरात विघटन होत नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. म्हणून हे औषध देताना सर्वांत महत्त्वाचा आकडा रक्तशर्करेचा नसून मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा, म्हणजे ईजीएफआरचा असतो. तो मिनिटाला ३० मिलि.पेक्षा कमी असल्यास मेटफॉर्मिन देत नाहीत. ३० ते ४५ च्या दरम्यान असल्यास ते नव्याने सुरू करीत नाहीत, आणि आधीपासून चालू असेल तर मात्रा सहसा निम्मी करतात. वृद्ध व कृश व्यक्तींच्या शरीरात स्नायू कमी असल्याने त्यांच्या रक्तातील क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होऊन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारे द्रव्य) वरवर ठीक दिसते, तरी गाळणक्षमता बरीच उतरलेली असू शकते. केवळ क्रिएटिनिनच्या आकड्यावर समाधान मानणे या वयात योग्य नाही. मूत्रपिंडांचे कार्य एकाएकी बिघडल्यास, गंभीर जंतुसंसर्गात, हृदय किंवा यकृत निकामी होऊ लागल्यास, तसेच अतिमद्यपानानंतर मेटफॉर्मिनसोबत लॅक्टिक ॲसिडोसिसचा धोका संभवतो. हा विकार दुर्मिळ परंतु प्राणघातक आहे. जलद व खोल श्वास, असह्य थकवा, स्नायूदुखी, पोटदुखी, अंग गार पडणे व गुंगी ही त्याची लक्षणे असून ती आढळताच तातडीने रुग्णालय गाठावे लागते. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी आयोडीनयुक्त रंगद्रव्य टोचायचे असल्यास, विशेषतः मूत्रपिंडांचे कार्य आधीच कमी असताना, मेटफॉर्मिन थांबवून, रंगद्रव्य टोचल्यानंतर ४८ तासांनी रक्ततपासणी करून मगच पुन्हा सुरू करतात.

दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. त्याच्या कमतरतेमुळे रक्तक्षय होतो आणि तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. ही लक्षणे मधुमेहामुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या विकारासारखीच असल्याने खरे कारण झाकले जाते. इंजेक्शनाने किंवा गोळीने सहज भरून निघणारी उणीव केवळ तपासणी न केल्यामुळे वर्षानुवर्षे राहून जाते, हे खेदजनक आहे.

सल्फोनिलयुरिया गटातील ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड व ग्लिबेनक्लामाइड ही औषधे रक्तशर्करा आधीच खाली असली तरी इन्सुलिन स्रवण्यास चालना देत राहतात. म्हणून ती न्याहारीपूर्वी किंवा मुख्य जेवणासोबतच घ्यावीत आणि जेवण होणार नसेल तर ती मात्रा गाळावी. रक्तातील ग्लुकोज दर डेसिलिटरला ७० मिग्रॅ.च्या खाली गेल्यास साखर उतरली असे समजतात. ५४ च्या खाली ती स्थिती गंभीर असते. दरदरून घाम, थरथर, धडधड, एकाएकी लागलेली भूक ही प्रारंभीची लक्षणे होत. नंतर बोलण्यात असंबद्धता, चिडचिड, आकडी व बेशुद्धी येते. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने १५ ग्रॅ. ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर अजूनही खालीच असल्यास तेच पुन्हा करावे आणि ती सावरल्यावर काही पोटभरीचे खावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याची भीती असते. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकागॉन या रक्तशर्करा वाढवणाऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते. रक्तदाब व हृदयविकारावरील बीटा-रोधक औषधे घेणाऱ्यांना धडधड व थरथर जाणवत नाही; त्यांच्याबाबतीत घाम हीच खूण बहुधा उरते. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम लांबत असल्याने वृद्धांसाठी व मूत्रपिंडविकार असलेल्यांसाठी ते टाळणेच इष्ट. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, को-ट्रायमोक्साझोल यांसारखी जंतुसंसर्गावरची नेहमीची औषधेही या गटाचा परिणाम वाढवतात. काही दिवसांपुरते दिलेले औषध म्हणून त्यांचा उल्लेख करण्याचे रुग्णाला सुचत नाही आणि लिहून देणाऱ्याकडून विचारायचे राहून जाते. साखर अचानक उतरण्याच्या घटनांमागे असा योग अनेकदा असतो.

इतर गटांच्या वेळा वेगवेगळ्या आहेत. रेपाग्लिनाइड जेवणाआधी अर्ध्या तासाच्या आत घेतात आणि जेवण चुकल्यास गोळीही चुकवतात. अकार्बोझ व वोग्लिबोझ ही आतड्यातील कर्बोदकांचे पचन लांबवणारी औषधे असून ती जेवणाच्या आरंभी घेतली नाहीत तर त्यांचा विशेष उपयोग होत नाही. ती घेणाऱ्याची साखर दुसऱ्या औषधामुळे उतरली, तर नेहमीची साखर न देता शुद्ध ग्लुकोजच द्यावे, कारण साखरेचे विघटनही या औषधांमुळे लांबलेले असते. तोंडी सेमाग्लुटाइडचे शोषण अतिशय नाजूक असते. ते सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिलि. पाण्यासोबत घेऊन किमान अर्धा तास काहीही खाऊ-पिऊ नये, अन्य औषधेही घेऊ नयेत. पायोग्लिटाझोनमुळे शरीरात पाणी साचते, म्हणून हृदयाचे कार्य दुर्बल असलेल्यांना ते देत नाहीत. पावलांवर सूज, भराभर वाढणारे वजन किंवा धाप ही त्याच्या बाबतीत धोक्याची सूचना होय. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन इत्यादी डीपीपी-४ रोधक औषधे एकंदरीत सौम्य आहेत, मात्र तीव्र व न थांबणारी पोटदुखी झाल्यास स्वादुपिंडदाहाची शंका घेऊन ती थांबवावी लागतात.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन व कॅनाग्लिफ्लोझिन ही एसजीएलटी-२ रोधक औषधे ग्लुकोज लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय व मूत्रपिंड यांनाही ती संरक्षण देतात, म्हणून क्षुल्लक कारणाने ती सोडणे हिताचे नाही. लघवीत साखर गेल्यामुळे गुप्तांगांना बुरशीचा संसर्ग होण्याचा संभव वाढतो. स्वच्छतेने तो पुष्कळसा टळतो, पण संकोचामुळे त्याविषयी बोलणे टाळले जाते. अधिक गंभीर धोका कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात कीटोन ही आम्लधर्मी द्रव्ये साचण्याचा आहे. सामान्यतः या विकारात रक्तशर्करा फार चढलेली असते. या औषधांसोबत मात्र ती २५० मिग्रॅ.च्या खाली, कधी जवळजवळ सामान्यही असू शकते, आणि त्यामुळेच निदान हुकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी व धाप ही लक्षणे असतील तर ग्लुकोमीटरवरचा आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नये, रक्तातील कीटोनांची तपासणी करून घ्यावी. दीर्घ उपवास, कर्बोदके जवळपास वर्ज्य केलेला आहार व शस्त्रक्रिया यांमुळे हा धोका वाढतो. नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ही औषधे थांबवण्याचा सल्ला देतात.

आजारपणाच्या दिवसांसाठीचे नियम या विषयात सर्वांत उपयुक्त असूनही रुग्णाला सर्वांत कमी सांगितले जातात. ताप, उलट्या किंवा जुलाब यांमुळे खाणे-पिणे सुटले असेल, तर मेटफॉर्मिन व एसजीएलटी-२ रोधक तात्पुरते थांबवतात. नीट खाणे-पिणे सुरू होऊन २४ ते ४८ तास झाल्यावर ती पुन्हा घेतात. सल्फोनिलयुरियाचा निर्णय खाण्याचे प्रमाण व प्रत्यक्ष मोजलेली रक्तशर्करा पाहून करावा लागतो. परंतु पोटात अन्न नाही म्हणून सगळीच औषधे बंद करणेही घातक आहे. संसर्गाच्या ताणाने उपाशी माणसाचीही साखर चढते, आणि गोळ्यांच्या जोडीने इन्सुलिन चालू असेल तर ते आपल्या मनाने कधीही बंद करू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधे व वेदनाशामके या काळात मूत्रपिंडांवरील ताण वाढवतात, म्हणून त्यांचाही विचार त्याच वेळी व्हावा. कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची, हे प्रकृती ठीक असतानाच डॉक्टरांकडून लिहून घेतलेले असावे. तापात पडलेल्या माणसाकडून असा निर्णय नीट होत नाही.

एकाच गोळीत दोन-तीन औषधांचा संयोग करण्याची पद्धत आता रूढ आहे. गोळ्यांची संख्या त्यामुळे घटते, परंतु वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत एकच घटक असल्याने मात्रा नकळत दुप्पट होण्याचा संभवही निर्माण होतो. वेष्टनावरील व्यापारी नावाऐवजी घटकांची नावे वाचणे आणि प्रत्येक डॉक्टरला सर्व औषधांची यादी दाखवणे हाच त्यावर उपाय आहे. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत व गोळ्यांत सल्फोनिलयुरिया किंवा मेटफॉर्मिन लपवून मिसळल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे. अशा मिश्रणाने साखर झपाट्याने उतरते आणि कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही.

चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत. सकाळी राहिलेली सल्फोनिलयुरियाची गोळी रात्री झोपताना घेणे विशेष धोक्याचे आहे, कारण साखर उतरण्याची लक्षणे झोपेत कळत नाहीत. आकडे चांगले आले म्हणून औषध बंद करणे ही तितकीच सर्रास होणारी चूक होय. ते आकडे बहुधा औषधामुळेच आलेले असतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी अनेक प्रौढांत ७ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात, मात्र वृद्ध, एकाकी किंवा अनेक व्याधींनी ग्रस्त व्यक्तींसाठी ८ टक्क्यांपर्यंतचे उद्दिष्टही मान्य आहे. उत्तर अमेरिकेतील ॲकॉर्ड अभ्यासात एचबीए१सी ६ टक्क्यांच्या खाली आणण्यासाठी गोळ्या व इन्सुलिन यांचा कडक उपचार दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाल्याने २००८ मध्ये तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच औषधांचा फेरविचार करावा. बहुतेक गोळ्या थांबवून इन्सुलिन देतात, मेटफॉर्मिन काही वेळा वैद्यकीय सल्ल्याने चालू ठेवले जाते.

घरात लहान मुले असल्यास या गोळ्या कुलपात ठेवाव्यात. सल्फोनिलयुरियाची एकच गोळी गिळल्यानेही लहान मुलाची साखर प्राणघातक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि हा परिणाम कित्येक तासांनी दिसतो. म्हणून मूल खेळत-हसत असले तरी त्याला लगेच रुग्णालयात न्यावे, वेष्टन सोबत न्यावे आणि तेथे साधारण २४ तास रक्तशर्करा वरचेवर तपासत ठेवावी.