दोन घरांचा बाप

बापाने नवीकोरी फोक्सवॅगन व्हॅन घेतली आहे आणि धाकट्या पोराला तिच्यात बसलं की उलटी होते. डॉमिनिकन-अमेरिकन लेखक जुनो डियाझ यांच्या ‘फिएस्टा, १९८०’ या कथेची सुरुवात एवढ्याशा घरगुती कटकटीने होते. सगळे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये नातेवाइकांकडे पार्टीला निघालेत. गोष्ट पुढे सरकते तसं कळतं की हाच बाप दोन्ही मुलांना आपल्या पोर्तोरिकन बाईच्या घरी घेऊन जातो. मुलं तिच्या टेबलावर जेवलीसुद्धा आहेत. पार्टीत आई समोर बसलेली असते आणि पोरं गप्प.

डियाझ यांच्या या आणि नंतरच्या कथांमधल्या बाहेरख्याली पुरुषांकडे बोट दाखवून ‘लॅटिन मर्दानगी’ म्हटलं की काम भागतं, असं बऱ्याच समीक्षकांना वाटतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. या दुसऱ्या घराचा पाया बापाच्या स्वभावाइतकाच डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशाच्या इतिहासात आणि अमेरिकेच्या व्हिसाच्या कायद्यांत आहे.

राफाएल त्रुहियोने या देशावर १९३० ते १९६१ अशी ३१ वर्षं हुकूमत गाजवली. १९३६ मध्ये राजधानी सांतो डोमिंगोचं नाव बदलून त्याने स्वतःचं दिलं. घराघरांत पाट्या असत : ‘या घरात त्रुहियोच मालक’. दिवाणखान्यात अशी पाटी असताना घरच्या कर्त्या पुरुषाला काय वाटत असेल, याचा विचार करून पाहा. लोक पाठीमागे त्रुहियोला ‘बोकड’ म्हणत. त्याची नजर पडू नये म्हणून आईबाप तरण्या लेकींना लपवत. बाई मिळवणं हे सत्तेचं सर्वात उघड प्रदर्शन आहे, हा धडा त्या देशाला वरूनच मिळाला होता.

त्या काळात पासपोर्ट मिळणंही मुश्कील होतं. १९५० च्या सबंध दशकात जेमतेम १० हजारांच्या आसपास डॉमिनिकन माणसं अमेरिकेत कायमची राहायला गेली. ३० मे १९६१ च्या रात्री त्रुहियोला त्याच्या मोटारीत गोळ्या घातल्या गेल्या आणि झाकण उडालं. पुढे १९६५ च्या एप्रिलमध्ये यादवी पेटली आणि २८ तारखेला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी अमेरिकन सैन्य उतरवलं. सैन्यापाठोपाठ व्हिसाची खिडकीही सैल झाली. चिडलेले तरुण सांतो डोमिंगोच्या रस्त्यांपेक्षा न्यूयॉर्कच्या कारखान्यांत बरे, असा वॉशिंग्टनचा हिशेब होता, असं अनेक अभ्यासक मानतात. १९५० च्या दशकात १० हजारांवर असलेला हा आकडा १९८० च्या दशकात २ लाखांच्या पुढे गेला.

त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, जॉन्सननी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. हा कायदा आपल्याही ओळखीचा आहे. मराठी डॉक्टर-इंजिनिअर अमेरिकेत जायला लागले ते याच दारातून. त्यांच्या हातात डिग्री होती, डॉमिनिकन कामगाराकडे बहुधा नातंच होतं. पुढे दोघे शेजारीही झाले : डियाझ सहाव्या वर्षी, १९७४ मध्ये, न्यू जर्सीतल्या ज्या पार्लिनला आले ते मिडलसेक्स काउंटीत आहे. आपल्या लोकांची एडिसनही तिथलीच.

आता हे नातं कागदावर कसं चालतं ते बघा. आधी एकटा माणूस जातो, पडेल ते काम करतो. बायकोपोरांना आणायचं तर आधी स्वतःचे कागद हवेत, आणि कागदांचा एक जवळचा रस्ता म्हणजे अमेरिकेच्या नागरिक बाईशी लग्न. कागदांसाठी लावलेली लग्नं इतकी वाढली, की १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा करून नव्या लग्नांवर मिळणारं ग्रीन कार्ड पहिली दोन वर्षं सशर्त केलं. डियाझ यांच्या ‘नेगोसिओस’ कथेचं नावच ‘व्यवहार’ असं आहे. त्यातला बाप, रामोन, मुलगा चार वर्षांचा होण्याआधी घर सोडतो, न्यूयॉर्कला पोचतो आणि नीलदा नावाच्या बाईशी लग्न करतो. तिच्यापासून त्याला मुलगा होतो आणि त्याचंही नाव रामोन ठेवलं जातं. मग एक दिवस तो हे घर सोडून पहिल्या कुटुंबाला आणायला निघतो. व्यवहार म्हणून थाटलेल्या संसारात खरा जीव जडला असेल तर काय, हे कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत.

नीलदाच्या बाजूची गोष्ट ‘ड्राउन’ (१९९६) या डियाझ यांच्या पहिल्या कथासंग्रहात पुसटच राहते. ती जागा त्यांच्या २०१२ च्या ‘धिस इज हाउ यू लूज हर’ या संग्रहातल्या यास्मिनने भरून काढली. ही बाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत रक्ताने माखलेल्या चादरी निवडते. तिच्या माणसाची बायको सांतो डोमिंगोत आहे आणि तिची पत्रं येत राहतात. यास्मिन ती वाचते. गावाकडच्या सवतीची पत्रं चोरून वाचणारी ही ‘दुसरी’ मला अख्ख्या संग्रहात सर्वात खरी वाटते. त्या पुस्तकात बाईच्या तोंडून सांगितलेली कथा एवढी एकच आहे, ही मात्र उणीवच.

ती उणीव बायकांनी आपल्या परीने भरली आहे. हुलिया अल्वारेझ यांचं कुटुंब १९६० मध्ये त्रुहियोच्या दहशतीतून न्यूयॉर्कला पळालं आणि १९९१ मध्ये त्यांनी चार बहिणींच्या नजरेतून तो उखडलेला संसार लिहिला. अँजी क्रूझ यांची ‘डॉमिनिकाना’ (२०१९) ही कादंबरी तर सगळा डावच उलटवते. १९६५ साली १५ वर्षांच्या आनाला दुप्पट वयाच्या हुआनशी लग्न लावून न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्सला धाडतात, कारण माहेरच्यांना पुढेमागे तिथे यायचंय. हुआनचं बाहेर चालूच असतं. पुढे देशात यादवी पेटल्यावर तो घरची मालमत्ता सांभाळायला परत जातो तेव्हा आना इंग्रजी शिकू लागते आणि दिराच्या प्रेमात पडते. इथे घर ओलांडणारी बाई आहे, आणि वाचक तिच्याच बाजूने उभा राहतो.

डियाझ यांच्याबद्दल एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. २०१८ मध्ये त्यांनी लहानपणी झालेल्या बलात्काराबद्दल लिहिलं, आणि थोड्याच दिवसांत काही लेखिकांनी त्यांच्या वर्तनाबद्दल जाहीर आरोप केले. ते शिकवत होते त्या एमआयटीच्या चौकशीत त्यांना शिकवण्यापासून रोखावं असं काही आढळलं नाही. तेव्हापासून या कथा कुणी पूर्वीसारख्या निरागसपणे वाचत नाही.

एक अडचण उरतेच. २०१२ च्या संग्रहाच्या शेवटच्या कथेतला युनिओर, म्हणजे ‘फिएस्टा’तला तोच धाकटा पोरगा, आता प्राध्यापक आहे. त्याला कागदांची फिकीर नाही, त्याच्या आणि त्याच्या बाईच्या मध्ये समुद्र नाही. तरी होणाऱ्या बायकोला त्याच्या ईमेलच्या कचरापेटीत सहा वर्षांतल्या ५० बायका सापडतात. इथे बापाचा कुठलाच बहाणा चालत नाही, आणि कथाही तो देत नाही. ती निघून जाते. पाच वर्षांनी तो पलंगाखाली ठेवलेली फाइल बाहेर काढतो. त्या सगळ्या ईमेल आणि फोटो तिनेच गोळा करून त्याला पाठवलेले असतात. तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचतो आणि मग लिहायला बसतो.