मॅडिसन (विस्कॉन्सिन)

मॅडिसन ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. शिकागोपासून वायव्येला गाडीनं अडीच तासांवर. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या २,६९,८४०, म्हणजे आपल्या कोल्हापूरपेक्षाही बरीच कमी, पण राज्यात मिलवॉकीनंतर दुसरा नंबर हिचाच. मेंडोटा आणि मोनोना या दोन मोठ्या तळ्यांच्या मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर गावाचा मूळ भाग बसलाय, तिथे एका तळ्याच्या काठावरून निघालं की पंधरा-वीस मिनिटांत माणूस चालत दुसऱ्या तळ्याला पोचतो. पट्टीच्या मधोमध उंचवट्यावर कॅपिटॉल म्हणजे विधानभवन, तिथून स्टेट स्ट्रीट नावाचा एक रस्ता निघतो तो एक-सव्वा किलोमीटरवर थेट युनिव्हर्सिटीच्या पायथ्याशी जाऊन थांबतो. एका टोकाला सरकार, दुसऱ्या टोकाला विद्यापीठ, मधे खायची दुकानं. मॅडिसनमधे जे काही झालं त्यातलं बरंचसं याच रस्त्यावरून चालत गेलंय, कधी कमिटीच्या रूपात, कधी मोर्चाच्या.

कागदावरचं गाव

ही जमीन मुळात हो-चंक या तिथल्या आदिवासी लोकांची. ते या भागाला डेजोप म्हणतात, म्हणजे चार तळी. त्यांच्या पूर्वजांनी पक्ष्या-प्राण्यांच्या आकाराचे मातीचे टेकाडवजा ढिगारे बांधले, त्यातले काही आजही युनिव्हर्सिटीच्या आवारात शाबूत आहेत. १८३२च्या तहात हा भाग त्यांच्याकडून काढून घेतला गेला, मग सैन्य लावून त्यांना पश्चिमेला हाकललं, ते परत आले, परत हाकललं, परत आले, असं पुढची चाळीसेक वर्षं चाललं.

राजधानी कशी झाली ती गोष्ट ऐकली तर आपल्याकडच्या कुठल्याही एनए प्लॉटवाल्याला घरच्यासारखं वाटेल. १८३६मधे विस्कॉन्सिन नुसता प्रदेश होता, राज्य झालं नव्हतं, आणि बेलमाँट नावाच्या खेड्यात आमदार मंडळी राजधानी कुठे करायची यावर कडाक्याच्या थंडीत भांडत बसली होती. जेम्स डोटी नावाचे एक माजी न्यायाधीश होते, त्यांनी पार्टनरशिपमधे या पट्टीवरची जमीन आधीच घेऊन ठेवली होती. तिथे तेव्हा एक घरसुद्धा नव्हतं. डोटींनी नकाशा काढला, रस्ते आखले, गावाला नुकत्याच वारलेल्या माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचं नाव दिलं, रस्त्यांना अमेरिकेच्या घटनेवर सह्या करणाऱ्यांची नावं दिली (आता या नावांच्या विरोधात मत कोण देणार) आणि आमदारांना प्लॉट वाटले. थंडीसाठी म्हशीच्या, म्हणजे तिकडच्या बायसनच्या, कातड्याची पांघरुणंही वाटली असं सांगतात. नोव्हेंबर १८३६ला मतदान झालं आणि बाकीची गावं मागे पडून कागदावरचं मॅडिसन जिंकलं. पहिलं कुटुंब राहायला आलं ते त्यानंतर, १८३७मधे. शहराचा दर्जा मिळायला १८५६ उजाडलं.

आजचं कॅपिटॉल मूळचं नाही. फेब्रुवारी १९०४मधे जुन्या इमारतीत रात्री गॅसच्या दिव्यानं ताज्या वार्निशनं पेट घेतला. विझवायला गेले तर युनिव्हर्सिटीची पाण्याची टाकी रिकामी, आणि विमा थोड्याच दिवसांपूर्वी संपू दिलेला. मिलवॉकीहून रेल्वेनं बंब मागवले तर थंडीनं तेही गारठलेले. मग १९०६ ते १९१७ अशी अकरा वर्षं घालवून आत्ताची ग्रॅनाइटच्या घुमटाची इमारत बांधली. घुमटावर सोनेरी पुतळा आहे, त्या बाईच्या डोक्यावरच्या शिरस्त्राणावर एक बॅजर बसलाय, बॅजर हा इथला राज्यप्राणी. दर शनिवारी उन्हाळ्यात या चौकाभोवती शेतकरी बाजार भरतो, १९७२पासून. नियम असा की स्वतः पिकवलेलं किंवा बनवलेलंच विकायचं, दलालाला जागा नाही. तिथे ताज्या चीजचे तुकडे मिळतात ते दाताखाली रबरासारखे किचकिच वाजतात, आणि वाजले नाहीत तर ते शिळे समजायचे.

युनिव्हर्सिटी, आणि दुधाची फॅट

१८४८मधे विस्कॉन्सिन राज्य झालं त्याच वर्षी विद्यापीठाची स्थापना झाली. फेब्रुवारी १८४९मधे मुलींच्या एका शाळेच्या जागेत १७ मुलांचा पहिला वर्ग भरला, आज ५०,०००च्या आसपास विद्यार्थी आहेत आणि गावाचं अर्धं अर्थकारण त्यांच्यावर आणि सरकारी नोकरांवर चालतं. १९१२मधे सुरू झालेलं तंत्रशिक्षणाचं मॅडिसन कॉलेजही आहे, नर्सिंगपासून वेल्डिंगपर्यंत हाताला काम देणारं शिक्षण तिथे मिळतं, पण त्याचं नाव कोणी घेत नाही, सगळा उजेड मोठ्या युनिव्हर्सिटीवर.

या युनिव्हर्सिटीची एक जुनी श्रद्धा आहे, तिला विस्कॉन्सिन आयडिया म्हणतात: इथे जे शिकलं-शोधलं जाईल ते राज्यातल्या प्रत्येक घरापर्यंत पोचलं पाहिजे. १९०४च्या सुमारास चार्ल्स व्हॅन हाइस अध्यक्ष असताना हे नीट मांडलं गेलं. बोलायला कुठलीही युनिव्हर्सिटी असं बोलते. इथे ते खरं झालं, आणि माझ्या मते त्याचं कारण गाय.

विस्कॉन्सिनमधे आधी गहू पिकायचा. पण जमिनीचा कस गेला, कीड पडली, आणि १८७०-८०च्या दरम्यान शेतकरी दुधाकडे वळले. आता दुधात अडचण अशी की पैसे वजनावर मिळायचे. जो पाणी घालील किंवा साय काढून घेईल त्याचा फायदा, आणि चांगली गाय पाळणाऱ्याचं नुकसान. हे आपल्याकडच्या डेअरीवाल्यांना समजावून सांगायला नको. १८९०मधे स्टीफन बॅबकॉक या इथल्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांनी यावर उपाय काढला. लांब मानेची काचेची बाटली घ्यायची, तिच्यात १७.६ मिली दूध आणि जवळपास तेवढंच सल्फ्युरिक अॅसिड टाकायचं. फॅट सोडून बाकी सगळं अॅसिडमधे विरघळतं, मिश्रण तापून काळपट तपकिरी होतं. मग बाटल्या यंत्रात घालून गरगर फिरवायच्या, गरम पाणी ओतायचं, की पिवळसर फॅट वर मानेत चढते आणि मानेवरच्या रेघा मोजून टक्केवारी वाचायची. झालं. शाळा शिकलेलं कोणीही पोरगं करू शकेल असं काम. बॅबकॉक यांनी पेटंट घेतलं नाही, फुकट देऊन टाकलं. आपल्याकडे डेअरीत रुळली ती गर्बरची पद्धत, ती स्वित्झर्लंडची आणि बॅबकॉकनंतर वर्ष-दोन वर्षांनी आलेली, पण तत्त्व तेच. संकलन केंद्रावर "आज फॅट किती लागली" हा जो प्रश्न असतो त्याचं एक मूळ मॅडिसनमधे आहे.

विचारस्वातंत्र्याचंही इथे एक मोठं प्रकरण आहे. १८९४मधे रिचर्ड इली या अर्थशास्त्राच्या प्रोफेसरांवर संपवाल्यांना चिथावता असा आरोप झाला, चौकशी बसली, आणि युनिव्हर्सिटीच्या बोर्डानं त्यांना सोडलंच पण वर लिहून ठेवलं की बाकी ठिकाणी काही का बंधनं असेनात, इथे निर्भयपणे चाळणं आणि पाखडणं चालूच राहिलं पाहिजे, सत्य सापडतं ते त्यातूनच. चाळण आणि सूप. शेतकरी राज्याला शोभेल असंच. १९१०च्या बॅचनं हे वाक्य धातूच्या पाटीवर कोरून दिलं, तर ती पाटी भिंतीवर लागायला १९१५ उजाडलं, कारण स्वातंत्र्याची पाटी लावण्यावरूनही वाद झाला.

पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात कॅम्पस पेटलं. २४ ऑगस्ट १९७०ला पहाटे लष्कराच्या गणित संशोधन केंद्रावर राग धरून चौघांनी ते ज्या इमारतीत होतं त्या स्टर्लिंग हॉलबाहेर खत आणि डिझेलनं भरलेली व्हॅन उडवली. केंद्राचं फार बिघडलं नाही, मेला तो दुसऱ्याच विभागात रात्रभर प्रयोग करत बसलेला ३३ वर्षांचा फिजिक्सचा संशोधक, ज्याचा लष्कराशी संबंध नव्हता. चौघांपैकी एक जण अजून सापडलेला नाही.

भारताशी धागा हरगोविंद खोराना यांचा. आत्ताच्या पाकिस्तानातल्या एका छोट्या गावातला पटवाऱ्याचा, म्हणजे आपल्या भाषेत तलाठ्याचा, मुलगा १९६०मधे इथे आला, दहा वर्षं राहिला, आणि जनुकांची भाषा वाचण्याच्या कामासाठी १९६८चं नोबेल दोन अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर वाटून घेतलं. दक्षिण आशियाच्या अभ्यासाचीही इथे जुनी परंपरा आहे, दर वर्षी शरद ऋतूत मोठी परिषद भरते, महाराष्ट्रावर काम करणारे अभ्यासकही तिथे निबंध वाचून आलेले असतात.

शाळांचं चित्र मात्र एवढं गुलाबी नाही. मॅडिसन स्वतःला पुरोगामी म्हणवतं, राहण्यासाठी उत्तम शहरांच्या याद्यांत नेहमी असतं, पण गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शिक्षणातली दरी इथे देशात नाव घेण्याइतकी मोठी. २०१३च्या एका अहवालानं हे आकड्यांनिशी मांडल्यावर गावाला चांगलाच झटका बसला.

गोठ्यातून दवाखान्यात

इथलं वैद्यकीय संशोधन हॉस्पिटलात कमी आणि शेतकी कॉलेजात जास्त सुरू झालं. १९०७मधे गायींना एकाच धान्यावर ठेवून बघायचा प्रयोग केला, काही फक्त मक्यावर, काही फक्त गव्हावर, काही ओटवर. कागदावर पोषण सारखंच होतं तरी मक्याच्या गायी तरारल्या आणि गव्हाच्या खंगल्या, वासरं मेलेली जन्मली. म्हणजे अन्नात अजून काहीतरी आहे जे मोजता येत नाही. त्या मागावर जाऊन १९१३मधे एल्मर मॅकॉलम यांनी लोण्यातलं ते काहीतरी शोधलं, आज आपण त्याला ए जीवनसत्त्व म्हणतो. दहा वर्षांनी हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवलं की अन्नावर अतिनील प्रकाश पाडला की त्यात डी जीवनसत्त्व तयार होतं, त्यातून मुलांचा मुडदूस जवळजवळ हटला. स्टीनबॉक यांनी बॅबकॉकसारखं फुकट दिलं नाही, पेटंट घेतलं, पण पैसे खिशात न घालता १९२५मधे युनिव्हर्सिटीच्या संशोधनासाठी एक संस्था काढली. तिचं इंग्रजी लघुरूप वार्फ. यात एक गंमत अशी की लोण्याचा धंदा बुडू नये म्हणून मार्जरीनवाल्यांना (मार्जरीन म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी) हे तंत्र मिळू न देणं हाही त्यांचा हेतू होता. विस्कॉन्सिनमधे तर पिवळ्या रंगाचं मार्जरीन विकायला १९६७पर्यंत बंदीच होती, लोक इलिनॉयच्या हद्दीतून गाडीत लपवून आणायचे.

वार्फवरून आठवलं, वॉर्फरीन. फेब्रुवारी १९३३, शनिवार, हिमवादळ. एक शेतकरी जवळपास ३०० किलोमीटर गाडी हाणत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, बुरसलेल्या चाऱ्याचा भारा, आणि दुधाच्या कॅनमधे रक्त, जे गोठतच नव्हतं. सरकारी गुरांच्या डॉक्टरांचं ऑफिस बंद, म्हणून तो भटकत बायोकेमिस्ट्रीच्या इमारतीत कार्ल पॉल लिंक यांच्याकडे पोचला. त्या दिवशी लिंक यांना एवढंच सांगता आलं की हा चारा घालणं थांबव. पण तो कॅन तिथेच राहिला आणि लॅबनं सहा वर्षं त्याचा पिच्छा पुरवला. स्वीट क्लोव्हर हा आपल्या लसूणघासाच्या जातकुळीतला चारा ओला राहून बुरसला की त्यातल्या सुगंधी द्रव्याचं एक विष बनतं, ते के जीवनसत्त्वाचं काम अडवतं आणि रक्त गोठत नाही. त्यावरून १९४८मधे उंदीर मारायचं औषध आलं, नाव वार्फवरून वॉर्फरीन, आणि १९५४पासून तेच माणसांना, रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५च्या हार्ट अॅटॅकनंतर हेच दिलं होतं. आपल्याकडे व्हॉल्व्ह बदललेले पेशंट दर थोड्या दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून डोस ठरवतात आणि डॉक्टर त्यांना पालेभाजी एकदम वाढवू नका म्हणून बजावतात (पालेभाजीत के जीवनसत्त्व भरपूर), त्याची सुरुवात या कॅनमधून.

यादी इथे थांबत नाही. कॅन्सरवर अजूनही वापरलं जाणारं फाइव्ह-एफयू हे औषध १९५७मधे इथलं, प्रत्यारोपणासाठी काढलेलं लिव्हर काही तासांऐवजी जवळपास दिवसभर टिकवणारं द्रावण १९८०च्या दशकात इथलं (जगभरचे सर्जन त्याला युडब्ल्यू सोल्यूशनच म्हणतात), आणि मानवी भ्रूणाच्या स्टेम सेल (ज्यांपासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते) पहिल्यांदा लॅबमधे वाढवल्या त्या १९९८मधे जेम्स थॉमसन यांनी इथेच.

हॉस्पिटलं म्हणाल तर युनिव्हर्सिटीचं सरकारी हॉस्पिटल १९२४मधे उघडलं आणि १९७९मधे गावाच्या पश्चिमेला मोठ्या इमारतीत गेलं. त्याशिवाय कॅथलिक सिस्टरांनी १९१२मधे काढलेलं सेंट मेरीज, दोन जुनी हॉस्पिटलं एकत्र होऊन १९८७मधे झालेलं मेरिटर, आणि माजी सैनिकांचं वेगळं. एवढ्याशा गावाला हे भरपूर झालं. शिवाय १९७९मधेच ज्युडी फॉकनर यांनी एका तळघरात एपिक ही पेशंटच्या रेकॉर्डची सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली, ती आता शेजारच्या व्हेरोना गावात आहे. अमेरिकेत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांत फोनवर मायचार्ट अॅप असतं, ते यांचंच.

राजकारण या सगळ्याला चिकटलेलं. २०११मधे सरकारी नोकरांचा युनियनमार्फत वाटाघाटी करायचा हक्क काढणारा कायदा आला तेव्हा शिक्षक, नर्स, विद्यार्थी असे हजारो लोक फेब्रुवारीच्या थंडीत कॅपिटॉलमधे ठाण मांडून बसले, घुमटाखाली सतरंज्या टाकून झोपले, ढोल वाजवले. कायदा झालाच. युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलातल्या नर्सची युनियन त्यात गेली, आणि २०२५मधे राज्याच्या सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की हॉस्पिटलनं त्यांच्याशी वाटाघाटी करायलाच हव्यात असं बंधन नाही. त्याच वर्षी त्याच कोर्टानं गर्भपातावर बंदी घालणारा म्हणून वापरला जाणारा १८४९चा कायदा मोडीत काढला, जून २०२२ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्याच्या धाकानं मॅडिसनमधली ही सेवा बंद होती आणि बायकांना हद्द ओलांडून इलिनॉयला जावं लागत होतं.