फाइल-शोधाच्या निकालांची क्रमवारी (एक्सेल मॅक्रो)

एक्सेलच्या मॅक्रोने (कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) फोल्डरमधून शोधलेल्या फाइलींची यादी नाव, तारीख किंवा आकारानुसार लावून घेण्याची क्रिया. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हळद-बेदाण्याच्या सौद्यांची रोज वेगळी फाइल होत असेल, तर वर्षअखेरीस त्या एकत्र करताना तिची गरज पडते. क्रम चुकला की शिल्लक भलत्याच दिवसाच्या पुढे ओढली जाते.

एक्सेल २००३ पर्यंत मॅक्रोतून फाइली शोधणारे ‘ॲप्लिकेशन.फाइलसर्च’ होते, शोध चालवतानाच क्रम सांगता येई. २००७ च्या आवृत्तीत ते काढले गेले, त्यामुळे जुने मॅक्रो त्या ओळीवर अडतात. आता फाइलींची नावे मिळवायला ‘डिर’ हे फंक्शन किंवा ‘फाइलसिस्टिमऑब्जेक्ट’ हे साधन वापरतात आणि क्रमाची हमी दोन्ही देत नाहीत. एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची नेहमीची पद्धत) डिस्कवर ‘डिर’ची यादी बहुधा नावाच्या क्रमानेच येते, म्हणून चूक लपून राहते, फॅट या जुन्या साठवण-पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर तोच मॅक्रो चालवला की ती उघडी पडते.

फाइलींची नावे देवनागरीत असतील तर ‘डिर’ टाळावेच. त्याला युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची अक्षर-संकेत पद्धत) पेलत नाही. ‘हळद’च्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि पुढे फाइल सापडत नाही. फाइलसिस्टिमऑब्जेक्ट नावे नीट देते, पण लपवलेल्या फाइलीही देते. उघड्या वर्कबुकची ‘~$’ ने सुरू होणारी तात्पुरती फाइल अट घालून वगळावी.

भरवशाची रीत अशी: कोऱ्या शीटवर पहिल्या ओळीत शीर्षके द्यावीत, खाली ए स्तंभात पूर्ण पाथ (फोल्डरसह फाइलचा पत्ता), बीमध्ये नाव, सीमध्ये शेवटच्या बदलाची तारीख लिहावी आणि मग त्या सेलच्या पट्ट्यावर, म्हणजे रेंजवर, ‘सॉर्ट’ चालवावे. रेंजमध्ये तिन्ही स्तंभ हवेतच, नाहीतर एका फाइलची तारीख दुसरीला चिकटते. ‘ऑर्डर’ (चढता की उतरता क्रम) आणि ‘हेडर’ (पहिली ओळ शीर्षकांची आहे का) दर वेळी लिहावेत. न लिहिल्यास त्या शीटवर मागच्या वेळी वापरलेले लागू होतात आणि शीर्षकाची ओळ आकड्यांत मिसळू शकते. तारीख मजकूर म्हणून सेलमध्ये टाकू नये. ‘०५-०३-२०२४’ हा मजकूर व्हीबीए (मॅक्रोची भाषा) अमेरिकी रीतीने वाचते, आणि ५ मार्चचा ३ मे होतो.

नावाने लावताना ‘सौदा १०’ हा ‘सौदा २’ च्या आधी येतो, कारण तुलना अक्षरागणिक होते. बदलाच्या तारखेवरही विसंबणे बरे नाही: जुन्या फाइलमध्ये एक वजन दुरुस्त करून ती सेव्ह केली तरी ती यादीच्या शेवटी जाते. नावातच वर्ष-महिना-दिवस, २०२४-०३-०५ असे, दोन अंकी महिना-दिवसासह ठेवले तर साधी नावाची क्रमवारी पुरते.