स्थूल रुग्णांमधील मूत्रपिंड-कार्याचे अनुमान

मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या औषधाची मात्रा ठरवताना, मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात याचा क्रिएटिनिन या रक्तातील टाकाऊ पदार्थावरून बांधलेला अंदाज. बेताच्या अंगाच्या माणसात वेगवेगळ्या सूत्रांची उत्तरे फारशी लांब जात नाहीत. लठ्ठ माणसात मात्र ती फटकून वागतात, कारण क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते, चरबीत नाही, आणि वजनकाटा दोन्ही एकत्रच तोलतो.

औषधांसाठी अजूनही सर्वाधिक वापरात असलेले सूत्र कॉक्रॉफ्ट-गॉल्ट यांचे, १९७६ चे. १४० मधून वय वजा करायचे, किलोतल्या वजनाने गुणायचे, ७२ गुणिले क्रिएटिनिनने (डेसिलिटरला मिलिग्रॅम) भागायचे. बाईसाठी पुन्हा ०.८५ ने गुणायचे. ते कॅनडातील २४९ रुग्णांवर बेतले होते आणि त्यांत जवळजवळ सगळे पुरुषच होते. बायकांचा ०.८५ हा गुणक मोजमापातून आलेला नाही, तो धरून चाललेला आहे. नाशिकला म्हसरूळमध्ये मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेसाठी सूत्र पाठ करता येते. त्यात वजन कोणते घालायचे, हा प्रश्न रुग्णाच्या खाटेपाशी पडतो.

समजा, पंचवटीतील एक ५५ वर्षांच्या मावशी: उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, क्रिएटिनिन १.०. काट्यावरचे वजन घातले तर उत्तर येते मिनिटाला ९८ मिलिलिटर. डिव्हाइन यांच्या १९७४ च्या सूत्राप्रमाणे त्यांचे ‘आदर्श वजन’ सुमारे ४८ किलो. ते घातले तर ४८. पहिला आकडा फुगलेला, दुसरा आखडलेला. म्हणून आदर्श वजनात जादा वजनाचा ४० टक्के भाग मिळवून ‘समायोजित वजन’ काढतात: ६८ किलो, उत्तरही ६८. (वजन आणि उत्तर इतके जुळणे हा या वयाचा आणि क्रिएटिनिनचा योगायोग.) जेंटामायसिन या प्रतिजैविकाची दिवसातून एकदाच मोठी मात्रा देण्याच्या एका प्रचलित पद्धतीत उत्तर ६० किंवा वर असेल तर २४ तासांनी, तर ४० ते ५९ ला ३६ तासांनी डोस देतात. म्हणजे कोणते वजन घातले यावर याच मावशींचा पुढचा डोस बारा तास मागेपुढे होतो.

लॅबच्या रिपोर्टवर छापून येणारा ईजीएफआर (गाळण्याच्या वेगाचा अंदाज) वेगळा. वय, लिंग आणि क्रिएटिनिन घेणाऱ्या, पण वजन न घेणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने मावशींचा तो ६७ येतो, पण १.७३ चौरस मीटर अंगाच्या माणसासाठी. हे माप १९२० च्या दशकातील अमेरिकन तरुणांच्या सरासरीवरून रूढ झाले. मावशींचे शरीरपृष्ठ २.०५ चौरस मीटर, म्हणून ६७ ला २.०५ ने गुणून १.७३ ने भागले की सुमारे ७९ मिळतात. आजाराची पायरी ठरवायला ६७ चालतो. डोससाठी ७९ अधिक सयुक्तिक. ही दुरुस्ती सर्रास राहून जाते.

क्रिएटिनिनऐवजी मोजता येणारे रक्तातील प्रथिन सिस्टॅटिन सी स्नायूंवर कमी अवलंबून असते, पण लठ्ठपणा, स्टिरॉइड, थायरॉइड आणि धूम्रपान त्यालाही हलवतात. मूत्रपिंड अचानक बिघडत असेल तर क्रिएटिनिन मागे रेंगाळते आणि कोणतेच सूत्र लागू पडत नाही. व्हँकोमायसिन किंवा अमिकासिनसारख्या प्रतिजैविकाची रक्तातील पातळीच मोजावी लागते. उंचीचेही तसेच. ती विचारून न लिहिता मोजलेली बरी: पाच सेंटिमीटर चुकले की आदर्श वजन साडेचार किलोने सरकते.