सब्र आणि माफी: घरात होणारी गल्लत

घरात भांडण झालं की मोठी माणसं 'सब्र कर' (धीर धर) आणि 'माफ कर' एका दमात सांगतात. डोंगरी, माहीम, जोगेश्वरी, कुठेही जा. ऐकणारीला दोन्ही एकच वाटतात, पण तसं नाही.

कुरआनच्या सूरे युसुफ या अध्यायात एकाच घरात दोन्ही दिसतात. मुलांनी आपल्या भावाला, हजरत युसुफांना, विहिरीत टाकलं आणि खोटं रक्त लावलेला त्यांचा सदरा बापाला आणून दाखवला, तेव्हा हजरत याकूबांनी थाप ओळखली, तसं तोंडावर सांगितलं आणि सब्र धरला. माफीचा प्रश्नच नव्हता, कारण कबूल कोण झालं होतं? माफी येते ती कितीतरी वर्षांनी, मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये. भाऊ 'आम्ही चुकलो' म्हणतात आणि बदला घेण्याची ताकद असलेले हजरत युसुफ म्हणतात, आज तुमच्यावर काही दोष नाही.

म्हणजे सब्र एकट्यालाही धरता येतो, समोरचा बदलला नाही तरी. पण सब्र म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. ज्याच्यावर जुलूम झाला त्याला उघड बोलायची मुभा सूरे निसामध्येच (4:148) आहे. दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ बसवायची वाटही त्याच सूरेत (4:35) आहे. आणि नवरा हात उगारत असेल, तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा मुसलमान बाईलाही तितकाच लागू आहे.

माफी मात्र ज्याचा हक्क मारला गेला त्याचीच, आणि त्याच्या खुशीची. आपल्याकडे ती कशी घेतली जाते बघा. घरात मय्यत. जिन्यावर माणसं जमलेली, जनाजा उचलायची घाई. आतल्या खोलीत एखादी खाला विधवेच्या कानाशी लागते, 'मेहर (नवऱ्याने लग्नात बायकोला द्यायचं कबूल केलेलं धन) माफ कर गं, त्याच्यावर बोजा नको.' रडून रडून थकलेली ती मान हलवते. झाली माफी! मला हे पटत नाही, कधीच पटलेलं नाही. बायकोने आपल्या खुशीने मेहरातलं काही सोडलं तरच ते घ्या, असं कुरआन सांगतं (4:4). न दिलेलं मेहर हे कर्ज आहे. वारसांच्या वाटण्या व्हायच्या आधी ते फेडायचं असतं.

पैगंबरांचे सोबती हजरत अबू बकर यांचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. मिस्तह हा त्यांचा गरीब नातेवाईक, त्यांच्याच मदतीवर जगणारा. तो अबू बकर यांची लेक आणि पैगंबरांची पत्नी हजरत आयेशा यांच्या बदनामीत सामील झाला. लेकीवर चिखल उडाल्यावर बापाने मदत बंद करायची शपथ घेतली. तेव्हा कुरआनची ही आयत, म्हणजे वचन (24:22), उतरली: अल्लाहने तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? मदत पुन्हा सुरू झाली. इथे माफ करायला सांगितलं ते पैसा आणि अधिकार हाती असलेल्या माणसाला. आपण मात्र सब्रही सुनेकडून मागतो आणि माफीही तिच्याचकडून.

बहिणीचंही तेच. गावच्या घरातला हिस्सा न देता हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात, आणि शब-ए-बरातला, म्हणजे माफी मागायच्या रात्री, 'कहासुना माफ' असा मेसेज तिलाच फॉरवर्ड करतात. आधी तिचा हिस्सा तिच्या हातात ठेवा, मग तिच्या दारात जाऊन माफी मागा.