पीळ सांभाळा

नेटवर्क केबलचं बाहेरचं आवरण दोन इंच सोलून बघा. आत रंगीत तारांच्या चार जोड्या निघतात आणि प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. आणखी जवळून पाहिलं की लक्षात येतं, चारही जोड्यांचा पीळ सारखा नाही. एकीचा घट्ट, दुसरीचा सैलसर. हे मुद्दाम केलेलं असतं. केबल किती चांगली चालणार, हे बरंचसं या पिळावरच ठरतं.

जोडीतल्या दोन तारांवरून एकच संदेश जातो, पण एकमेकांच्या उलट: एकीवर व्होल्टेज चढलं की दुसरीवर तेवढंच उतरतं. पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं. वाटेत विजेच्या वायरीचा किंवा मोटारीचा उपद्रव झाला, तर पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीनं त्याच्या जवळ येतात, दोघींना तो जवळपास सारखाच बाधतो आणि वजाबाकीत उडून जातो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती काढून १८८१ साली तिचं पेटंट घेतलं. शेजारशेजारच्या जोड्यांचा पीळ एकसारखा असता, तर एकीची ठरावीक तार दुसरीच्या ठरावीक तारेला सगळा रस्ताभर चिकटून राहिली असती आणि एकीचं बोलणं दुसरीला ऐकू गेलं असतं. म्हणून चौघींचा पीळ वेगळा.

केबलवरची ‘कॅट’ ही श्रेणी म्हणजे या कारागिरीचं माप. संदेशाच्या किती वेगवान लहरी केबल झेलते ते मेगाहर्ट्झमध्ये मोजतात: कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत, कॅट ६ २५० पर्यंत आणि कॅट ६ए ५०० पर्यंत तपासलेली असते. सेकंदाला एक गिगाबिटचा वेग कॅट ५ईसुद्धा १०० मीटरपर्यंत नीट देते. दहा गिगाबिट हवं असेल तर कॅट ६ साधारण ५५ मीटरपर्यंत पुरते, कॅट ६ए पूर्ण १०० मीटर. भिंतीत नव्यानं केबल घालायची असेल तर माझं मत कॅट ६ किंवा ६ए, कारण पुन्हा भिंत फोडणं केबलच्या किमतीपेक्षा फार महाग पडतं. आधीची कॅट ५ई धड असेल तर मात्र ती उपटू नका. २०१६ सालच्या मानकानुसार तिच्यावरून अडीच गिगाबिटही जातं. कॅट ८ च्या आकड्याला भुलू नये. तिचा मोठा वेग ३० मीटरपुरताच आहे आणि ती सर्व्हरच्या खोल्यांसाठी बनलेली आहे.

श्रेणीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती धातूची. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, दिसायलाही तशीच. ब्लेडनं तार खरवडा; आतून पांढरी चकाकी दिसली की ती केबल परत करा. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर लांब टोकाला व्होल्टेज कमी पडतं आणि केबल तापते. शिवाय दोनचारदा वाकवली की ती तार तुटते.

भिंतीत एकसंध तारेची केबल घालावी, आणि टेबलाजवळ सतत हलणाऱ्या तुकड्यासाठी बारीक तंतूंची. विजेच्या वायरीशेजारून समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण केबलचा पीळ प्लग बसवताना अगदी सहज जातो. तारा सरळ करण्याच्या नादात लोक दीड-दोन इंच पीळ उलगडतात. मर्यादा १३ मिलिमीटरची आहे, म्हणजे जेमतेम अर्धा इंच.

रंगांचा क्रमही याच पिळासाठी आहे. रंग लावण्याच्या ए आणि बी अशा दोन ठरलेल्या पद्धती आहेत; बी पद्धतीत तो असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या (तिसरी आणि सहावी पिन) मधोमध निळी जोडी येते, कारण टेलिफोनच्या जुन्या प्लगमध्ये मधल्या दोन पिना पहिल्या लाइनच्या होत्या आणि ती जागा तशीच राखली गेली.

हे माहीत नसताना मी एकदा एका ऑफिसात चारही जोड्या ओळीनं बसवल्या होत्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम. टेस्टरचे आठही दिवे बरोबर लागले. तरीही फाइल पाठवताना कनेक्शन सारखं तुटायचं. दोन दिवस मी स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी) आणि कॉम्प्युटर तपासत बसलो. टेस्टर फक्त तार अखंड आहे का एवढंच सांगतो. तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरचा संदेश एका हिरव्या आणि एका निळ्या तारेवरून चालला होता; दोघींचा एकमेकींशी पीळच नव्हता. शेवटी दोन्ही टोकं कापली, नवे प्लग योग्य क्रमानं बसवले, पीळ अगदी प्लगच्या तोंडापर्यंत ठेवला. केबल तीच होती, आणि त्यानंतर कनेक्शन एकदाही तुटलं नाही.